हिवाळी ट्रेक: बर्फाच्या उतारावर आम्ही परत का फिरवतो

आपल्या नागपूरकरांचा बर्फाशी संबंध रसवंतीपुरता, नाहीतर फेब्रुवारीतल्या गारांपुरता. म्हणून हिमालयातल्या ट्रेकचे पैसे भरण्याआधी हे पत्रक वाचून घ्या.

45 हा आकडा आपल्याला मे महिन्यात पाठ असतो. पहाडात तो उताराचा असतो. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात. घरातला जिना साधारण तेवढाच, म्हणजे बघताना भीती वाटावी असं काही नसतं. त्याहून खड्या कड्यावर बर्फ फारसा साचतच नाही.

बर्फ थराथरांनी बसतो. कडाक्याच्या थंडीत खालच्या थराचे साखरेसारखे सुटे रवे होतात, ते एकमेकांना धरत नाहीत. त्यावर नवा बर्फ पडला किंवा वाऱ्याने आणून घट्ट बसवला, की वरची लादी नुसती टेकलेली असते. एका माणसाचं वजनही तिला पुरतं. हिमस्खलनात सापडलेल्या बहुतेकांच्या बाबतीत ती लादी त्यांच्याच किंवा सोबत्याच्या पावलाने सुटलेली असते. (ओरडल्याने बर्फ कोसळतो, हे सिनेमातलं.) चालताना पायाखालून ‘धुप्प’ असा दबका आवाज आला किंवा बर्फाला लांब तडा गेला, तर जागीच थांबा आणि लीडरला सांगा.

बर्फवृष्टीनंतरचा पहिला उघडा दिवस फोटोंना झकास आणि चालायला सगळ्यात वाईट. भांडणं होतात ती त्याच दिवशी. "ऊन पडलं आहे, मग थांबवता कशाला?" नवा बर्फ अजून बसलेला नसतो आणि उन्हाने तो सैल होतो, म्हणून. पहाटे तीनला उठवतो तेही नुसतं सूर्योदयासाठी नाही.

4 ऑक्टोबर 2022 ला उत्तरकाशीजवळ द्रौपदी का डांडा शिखरावर गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली, 27 मृतदेह मिळाले. ती शिकणारी आणि शिकवणारी माणसं होती, आणि हिवाळा सुरूही झाला नव्हता.

चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचा इशारा देते. आम्ही तो रोज बघतो, पण तो मोठ्या भागासाठी असतो. समोरचा उतार लीडरलाच वाचावा लागतो. त्याचा निर्णय अखेरचा. मधूनच परतलो तर पैसे परत मिळणार नाहीत, कारण तंबू, खेचरं, पोर्टर यांचा खर्च झालेला असतो. हे आत्ताच सांगितलेलं बरं.

गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर आशा फार कमी. खालून मदत यायला तास लागतात, म्हणजे शोधणारे तुम्हीच. त्यासाठी संकेतयंत्र (गाडलेला कुठे आहे ते दाखवणारं), जोडकाठी (बर्फात खुपसून माणूस चाचपायची) आणि फावडं प्रत्येकाला देतो. निघण्याआधीच्या रविवारी वाळूच्या ढिगात एक यंत्र पुरून ते शोधायचा सराव असतो. तो चुकवणाऱ्याला बर्फाच्या ट्रेकवर नेत नाही.