गाडी जड करणं वेगळं, मागे जड करणं वेगळं

हिवाळा आला की कब स्काउट्सच्या (अमेरिकेतल्या लहान मुलांच्या स्काउट संघटनेच्या) पाइनवुड डर्बीचा, म्हणजे घरी बनवलेल्या लाकडी गाड्या उतारावरून सोडायच्या शर्यतीचा, खोका घरी येतो: पाइनचा एक ठोकळा, प्लॅस्टिकची चार चाकं, आसाच्या जागी चार खिळे. आणि शर्यतीच्या दिवशी तोच संवाद ठरलेला. "पूर्ण पाच औंस भरली होती हो, तरी शेवटून दुसरी आली." त्यावर शेजारचे बाबा, "वजनाने काही होत नसतं, जड-हलकं सगळं सारखंच पडतं, गॅलिलिओ सांगून गेलाय." पहिल्याने वजनाचा आकडा गाठला, पण ते ठेवलं कुठे याचा विचारच केला नाही. दुसऱ्याने शाळेतला धडा अर्धाच लक्षात ठेवला. "वजन किती" आणि "वजन कुठे" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि लोक ते एकाच डब्यात कोंबतात.

"किती" तुम्हाला माहीतच असेल, म्हणून भराभर. बहुतेक पॅकमध्ये (स्काउट्सच्या स्थानिक गटांमध्ये) कमाल वजन 5 औंस, म्हणजे जेमतेम 142 ग्रॅम. तिथपर्यंत पोचायचंच. गॅलिलिओवाल्या बाबांसाठी एवढंच: 1971 मध्ये अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉटने हातोडा आणि पीस एकदम सोडले आणि ते एकदमच पडले, पण ते चंद्रावर. तिथे हवा नाही. आपल्या ट्रॅकवर आहे, आणि ती हलक्या गाडीला जास्त अडवते. शिवाय चाकं गरागरा फिरवण्यात थोडी ऊर्जा जाते. गाडी जड असेल तर एकूण ऊर्जेतला तो वाटा लहान पडतो. एक गंमत मात्र अशी, की खिळा आणि चाक यांच्यातल्या घर्षणावर वजनाचा उपाय चालत नाही. वजन वाढलं की घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. तिथे वंगण म्हणून कोरडं ग्रॅफाइट आणि नीट घासलेला खिळाच कामाला येतो.

पण वजनकाट्यावर जवळजवळ सगळ्याच गाड्या पाच औंसांच्या असतात. मग शर्यत ठरते कशावर? चाकं सरळ बसली असतील तर "कुठे"वर.

गाडी उतारावर उभी आहे अशी डोळ्यांसमोर आणा. नाक खाली, शेपूट वर. दोन गाड्या, दोन्ही पाच औंस. एकीचं वजन बरोबर मध्यावर, दुसरीचं त्याहून दोन इंच मागे. सुटण्याच्या खुंटीला दोघींची नाकं टेकलेली, पण दुसरीचं वजन उतारावर वरच्या अंगाला आहे. उतार 30 अंशांचा धरला तर ते एक इंच उंच भरतं, म्हणजे तिला पडायला एक इंच जास्त मिळतो. दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं: पहिल्या गाडीचं वजन सपाटीवर पोचलं, तेव्हा दुसरीचं अजून उतारावरच आहे आणि तिला ढकलतंय.

एका इंचाने काय होतं, असं नवऱ्यानेही विचारलं होतं. उताराची उंची साधारण चार फूट, म्हणजे 48 इंच. त्यात एक इंच म्हणजे दोन टक्के जादा उंची. वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेगात एक टक्का. चार फुटांवरून उतरलेल्या गाडीचा वेग, घर्षण सोडून दिलं तर, सेकंदाला 16 फूट. पुढचा सपाट भाग 25 फुटांचा असेल तर तिथे एका टक्क्याने तीन इंच मिळतात. अख्खी गाडी सात इंचांची. शर्यतीचं घड्याळ सेकंदाचा हजारावा भाग मोजतं आणि तुम्ही तीन इंच घरीच विसरून आलात.

आता माझा खरा राग. नाकावर पेनी (अमेरिकेतलं एका सेंटचं नाणं) चिकटवणारे लोक. "पुढे जड असली की पुढे ओढली जाते" म्हणे! बैलगाडी आहे का ती? या गाडीला पुढून कोणी ओढत नाही, तिला फक्त उतार खाली आणतो. वर पेनीसुद्धा 1983 नंतरची, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं जस्त, वजन फक्त अडीच ग्रॅम. दहा लावल्या तरी औंसभर होत नाही, गाडीचं मात्र बटव्यासारखं ध्यान होतं. माझी पसंती टंगस्टन. शिशाहून ते दीडपटीपेक्षा जास्त घन असतं, त्यामुळे मागच्या आसाजवळच्या इवल्याशा भोकात मावतं. महाग आहे, पण पुढच्या वर्षीच्या गाडीत तेच घालता येतं. मुलांच्या हातात शिसं देऊ नका, घासायला तर नकोच.

वजन मागे न्यायचं तर आधी लाकूड हलकं करावं लागतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. ठोकळा जाडच ठेवलात तर पाच औंसांतले बरेचसे लाकडातच संपतात, आणि ते गाडीभर पसरलेले. म्हणून पुढचा भाग पातळ कापा. आकार कसा, पाचर की शार्क, हे मुलाला ठरवू द्या. वेगात त्याने फारसा फरक पडत नाही आणि रंगाने तर अजिबातच नाही. ठोकळ्याला खिळे बसवायच्या दोन खाचा असतात, त्यांपैकी एक टोकाच्या जास्त जवळ असते. नियम आड येत नसेल तर ती बाजू मागे घ्या, म्हणजे मागची चाकंही मागे सरकतात.

मात्र "मागे" म्हणजे अगदी शेपटीत नव्हे. एका वर्षी हुशारीच्या भरात मी सगळं टंगस्टन मागच्या आसाच्याही मागे ठासलं. पुढची चाकं ट्रॅकवर जेमतेम टेकत होती, उतार संपताना नाक नाचायला लागलं आणि गाडी ट्रॅकच्या मधल्या, गाडीला सरळ ठेवणाऱ्या पट्टीला आपटत आपटत खाली आली. मुलगी दिवसभर बोलली नाही. तेव्हापासून आमच्याकडे फूटपट्टीची परीक्षा असते: चाकांसकट पूर्ण गाडी फूटपट्टीच्या कडेवर आडवी तोलायची. जिथे तोल साधतो ती जागा मागच्या आसाच्या इंचभर पुढे हवी. ट्रॅकला सांधे फार असतील किंवा चाकं थोडी वाकडी वाटत असतील, तर सव्वा इंच. हे तोलणं मुलांनाच करू द्या. आकडेमोड न करता त्यांना सगळं त्यातूनच कळतं.

घरचा वजनकाटा आणि शर्यतीआधीच्या तपासणीचा काटा कधीच जुळत नाहीत. म्हणून गाडी घरी किंचित जड ठेवा, आणि थोडं वजन पुढच्या अंगाला स्क्रूने बसवा. टेबलावर "जास्त भरतेय" म्हणाले, की ते काढायचं. घाईत लोक मागचंच भोक उकरायला घेतात, आणि महिनाभर जपलेला तोल पुढे सरकतो.