जुळ्यांपैकी एकालाच का?

‘स्किझोफ्रेनिया ८० टक्के आनुवंशिक’ असं या गंभीर मानसिक आजाराबद्दल बातमीत आलं की दोन प्रश्न हमखास कानावर येतात. ‘म्हणजे आईला आहे तर मला होण्याची शक्यता ८० टक्के?’ आणि ‘रक्तातच आहे म्हटल्यावर औषधं कशाला?’ दोन्हींच्या मुळाशी गैरसमज एकच आहे. तो सोडवायचा तर जुळ्यांकडे जावं लागतं.

एकच फलित बीजांड दुभंगलं की एकबीज जुळी होतात. त्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी. दोन वेगळी बीजांडं फलित झाली तर द्विबीज जुळी. ती एरवीच्या भावंडांइतकीच सारखी, पण जन्मतात बरोबर आणि वाढतातही एकाच घरात. तेव्हा एकबीज जोड्यांत जे जादा साम्य दिसेल, ते जनुकांच्या खात्यावर मांडायचं. युक्ती एवढीच. (जाता जाता: द्विबीज जुळ्यांचीही जन्मवेळ काही मिनिटांच्या फरकाने तीच, म्हणजे कुंडलीही बहुधा तीच. ग्रहांचं काही चालत असतं तर दोन्ही प्रकारच्या जोड्यांचे आकडे सारखे यायला हवे होते.)

ते येत नाहीत. डेन्मार्कमधल्या ३१ हजारांहून अधिक जोड्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण एकबीज जुळ्यांत ३३ टक्के, द्विबीज जुळ्यांत ७ टक्के. त्यावरून आनुवंशिकतेचं प्रमाण काढलं ७९ टक्के.

इथे कोणीही अडखळेल. सारखी जनुकं असून तीनातला एकच जोडीदार आजारी पडतो, मग ७९ आले कुठून?

हा माझ्या सगळ्यात आवडीचा भाग आहे, जरा किचकट असला तरी. आजार ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा दिसतो, पण त्याकडे असलेला कल प्रत्येकात कमीजास्त असतो, उंचीसारखा. बहुतेक माणसं मधल्या पट्ट्यात, टोकाला मोजकी. कलाची एक रेषा ओलांडली की आजार दिसतो, आणि ही रेषा इतकी टोकाला आहे की शंभरात जेमतेम एखादाच ती ओलांडतो. आता एकबीज जुळ्यांचा कल अगदी जवळजवळचा आहे असं धरा. एक रेषेच्या किंचित पलीकडे गेला आणि दुसरा किंचित अलीकडे थांबला, तर कागदावर एक ‘रुग्ण’ आणि दुसरा ‘निरोगी’. रेषा जितकी टोकाला, तितकं असं जास्त घडतं. ३३ हा रेषा ओलांडणाऱ्यांचा आकडा आहे. ७९ टक्के कलाबद्दल सांगतात, तेही एका माणसाच्या नव्हे, तर त्या लोकसंख्येत माणसामाणसांत जो फरक पडतो त्याबद्दल. हाताला पाच बोटं जनुकांमुळेच येतात, पण कोणाला चारच असतील तर ते बहुधा अपघाताने. म्हणून बोटांच्या संख्येचं आनुवंशिकतेचं प्रमाण अगदी कमी निघेल!

एक आक्षेप मात्र रास्त आहे: एकबीज जुळ्यांना लोक वागवतातही सारखंच. याची तपासणी मनोविकारतज्ज्ञ केनेथ केंडलर आणि सहकाऱ्यांनी छान केली. आपली जुळी कोणत्या प्रकारची, याबद्दल काही आईवडिलांचीच गफलत झालेली असते. साम्य सारख्या वागणुकीतून येत असेल तर या समजुतीचा परिणाम दिसायला हवा. १९९३ च्या त्यांच्या अभ्यासात नैराश्यासह पाच विकारांबाबत तो दिसला नाही. नैराश्यात जनुकांचा वाटा तसाही बराच कमी, ३७ टक्क्यांच्या आसपास. थुंकीतल्या जनुकांच्या चाचणीवरून ‘तुमच्या मनाचं भविष्य’ सांगणाऱ्या जाहिराती हे काही सांगत नाहीत.

आणि त्या ‘निरोगी’ जुळ्याचं काय? इर्व्हिंग गॉट्समन आणि अक्सेल बर्टेलसेन या संशोधकांनी १९८९ मध्ये अशा जुळ्यांच्या पुढच्या पिढीची आकडेवारी मांडली. आजारी एकबीज जुळ्याच्या मुलांत स्किझोफ्रेनिया किंवा तत्सम विकाराचा धोका सुमारे १७ टक्के होता. त्याच्या निरोगी जोडीदाराच्या मुलांतही सुमारे १७. द्विबीज जोडीतल्या निरोगी जोडीदाराच्या मुलांत मात्र फक्त दोन. जोड्या थोड्याच होत्या, पण रेषेअलीकडे थांबलेल्यानेही आपला कल मुलांच्या हवाली केला होता, स्वतः एकदाही आजारी न पडता.