कुष्ठरुग्णांची मोजणी आणि २००६ ची घोषणा : पार्श्वभूमी

डिसेंबर २००५ अखेर देशातील कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजार लोकसंख्येमागे ०.९५ पर्यंत खाली आले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हा रोग आता उरला नाही, अशी घोषणा पुढच्याच महिन्यात झाली. त्यानंतरही दशकभराहून अधिक काळ दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडत राहिले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या ठरल्या, हे समजून घ्यायचे तर कुष्ठरुग्ण म्हणून कोणाला धरायचे हे वेळोवेळी कसे ठरत गेले, ते पाहावे लागते.

ब्रिटिश अमदानीत हा निर्णय कायद्याने केला. १८९०-९१ मध्ये देशभर फिरलेल्या चौकशी आयोगाने रोगाचा संसर्ग फार मर्यादित असून सक्तीने वेगळे ठेवण्याची गरज नाही, असा निष्कर्ष काढला होता. तरीही १८९८ चा कायदा झाला. त्या कायद्यात अंगावर जखमा झालेला, उघड भीक मागणारा किंवा उपजीविकेचे साधन नसलेला रुग्ण पोलिसांनी पकडावा, अशी तरतूद होती. घरदार असलेल्या रुग्णाला तशी अटक नव्हती. म्हणजे जंतू तोच, पण बंदिस्त होण्याची पाळी गरिबावर. मुंबईत वडाळ्याला १८९० मध्ये उभा राहिलेला आश्रमही रस्त्यावरच्या निराधार रुग्णांसाठीच होता. वर्धा, अमरावती आणि वरोरा येथे पुढे उभ्या राहिलेल्या संस्थांनी रुग्णाला शेती, विणकाम आणि स्वतःच्या कमाईचा मान मिळवून दिला. तो इतिहास वाचकांना परिचित असल्याने येथे त्याचा विस्तार करत नाही.

खरा पेच १९९१ पासून सुरू होतो. बहुविध औषधोपचार, म्हणजे एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत, १९८० च्या दशकात आला होता आणि तो ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी राबवला गेला त्यांत वर्धा होता. त्या यशाच्या भरात जागतिक पातळीवर २००० सालापर्यंतचे उद्दिष्ट ठरले : दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. या पातळीखाली गेल्यावर रोग आपोआप ओसरेल अशी अपेक्षा होती, पण तिला भक्कम पुरावा नव्हता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रुग्ण याचा अर्थ ‘सध्या औषध चालू असलेला, नोंदवहीत नाव असलेला माणूस’ असा धरला गेला. औषधाचा शेवटचा डोस संपला की नाव कमी व्हायचे, मग त्याची बोटे वाकलेली असोत वा तळपायाला संवेदना नसोत.

या व्याख्येचा परिणाम आकड्यांवर कसा होतो, ते साधे आहे. जास्त जंतू असलेल्या रुग्णांचा उपचार पूर्वी २४ महिने चालत असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो १२ महिन्यांवर आणला गेला. औषध तेवढ्यात पुरेसे ठरते, हे वैद्यकीयदृष्ट्या पटण्यासारखे होते आणि त्यातील क्लोफॅझिमिन या औषधाने काळवंडलेला चेहरा घेऊन गावात वावरणाऱ्या रुग्णासाठी प्रत्येक कमी झालेला महिना मोलाचा होता. परंतु त्यामुळे एकही संसर्ग न टळता अशा रुग्णांची नोंदवहीतील संख्या निम्म्यावर येऊ शकते. कमी चट्टे असलेल्यांचा उपचार सहा महिन्यांचा असतो, आणि वर्षाची गणती ३१ मार्चला होते. मे महिन्यात औषध सुरू करून दिवाळीच्या सुमारास संपवणारा रुग्ण त्या दिवशीच्या आकड्यात कधी येतच नाही.

त्याच काळात नवे रुग्ण शोधण्याची पद्धतही बदलली. डोळे मिटायला सांगून कापसाची वात किंवा पेनाचे टोक चट्ट्यावर टेकवायचे आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगायचे, ही तपासणी वर्षानुवर्षे घरोघर करणारे कुष्ठरोग तंत्रज्ञ सर्वसाधारण आरोग्यसेवेत सामावले गेले. रुग्णाने स्वतःहून दवाखान्यात यावे, ही अपेक्षा रूढ झाली. २००१ मध्ये ६ लाखांवर असलेली नव्या रुग्णांची संख्या २००५ मध्ये १.६ लाखांवर आली. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे लागणाऱ्या रोगात चार वर्षांत एवढी घट संसर्ग थांबल्यामुळे होऊ शकत नाही. शोधणे कमी झाले, म्हणून सापडणे कमी झाले, हेच अधिक पटते. २०१६ मध्ये घरोघर शोधमोहिमा पुन्हा सुरू कराव्या लागल्या आणि लपून राहिलेले रुग्ण त्यांतून पुढे आले.

कायद्याची गती यापेक्षाही मंद राहिली. औषधाने महिन्यांत बरा होणारा हा रोग १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण म्हणून कायम होता. २००८ मध्ये, म्हणजे घोषणेनंतर, देशातील सर्वांत वरच्या न्यायालयाने कुष्ठरुग्णास नगरपालिकेच्या निवडणुकीस अपात्र ठरवणारी ओडिशातील तरतूद वैध मानली. १८९८ चा कायदा केंद्राने २०१६ मध्ये रद्द केला, तर घटस्फोटाच्या तरतुदी काढून टाकणारी दुरुस्ती २०१९ ची आहे. बरा झालेला पण अपंगत्व आलेला माणूस अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात स्वतंत्र वर्ग म्हणून आला आणि २०१६ च्या कायद्यातही त्याचा समावेश राहिला, ही या साऱ्या काळातील सर्वांत न्याय्य नोंद म्हणावी लागेल. मज्जातंतूंचे नुकसान औषध संपल्यावर भरून येत नाही, आणि तळपायाच्या जखमा टाळण्यासाठी मऊ तळाची खास चप्पल त्याला जन्मभर लागते.

आता भारतातील उद्दिष्ट २०२७ पर्यंत संसर्ग थांबवण्याचे आहे. त्यासाठीची आंतरराष्ट्रीय कसोटी बदलली असून, सलग पाच वर्षे लहान मुलांमध्ये एकही नवा स्थानिक रुग्ण न आढळणे हा निकष धरला जातो. उपचाराचा कालावधी कमी करून हा आकडा खाली आणता येत नाही. मात्र शाळा, अंगणवाड्या आणि वस्त्यांवर जाऊन मुलांच्या अंगावरील चट्टे तपासले गेले नाहीत, तर तोही पुन्हा तपासणीअभावी शून्य होऊ शकतो.