ओपिऑइड निदानाचे कोडिंग: कोणता कोड कधी लागतो आणि चार्टमध्ये काय हवे

अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोडसंचात ओपिऑइडशी (अफूच्या वर्गातली वेदनाशामके, हेरॉइन वगैरे) संबंधित विकारांसाठी एफ११ हा गट आहे. त्याचे तीन भाग: एफ११.१ म्हणजे ॲब्यूज (गैरवापर), एफ११.२ म्हणजे डिपेंडन्स (अवलंबित्व) आणि एफ११.९ म्हणजे नुसता यूज (वापर). यातला कोणता लागू होतो हे कोडरने, म्हणजे नोंदी वाचून कोड देणाऱ्याने, ठरवायचे नसते. निदान करायचा कायदेशीर अधिकार असलेल्या व्यक्तीने, म्हणजे डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरने, जे लिहिले असेल तेवढ्यावरच कोड द्यायचा. लघवीच्या तपासणीत ओपिऑइड सापडले किंवा औषधांच्या यादीत ऑक्सिकोडोन हे ओपिऑइड वेदनाशामक दिसले, एवढ्यावर एफ११ लावता येत नाही.

पात्रता: एफ११ कोणाला लागतो

मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका डीएसएम-५ ने २०१३ मध्ये ॲब्यूज आणि डिपेंडन्स हे वेगळे प्रकार काढून ओपिऑइड यूज डिसऑर्डर (ओयूडी) हे एकच निदान ठेवले. आयसीडी-१०-सीएममध्ये मात्र जुनी विभागणी कायम आहे. त्यामुळे डॉक्टर एका भाषेत लिहितात आणि कोड दुसऱ्या भाषेत असतो. निकष ११ आहेत: ठरवल्यापेक्षा जास्त घेणे, कमी करायचा प्रयत्न फसणे, तीव्र ओढ लागणे, कामावर किंवा घरी जबाबदारी न निभावणे वगैरे. १२ महिन्यांच्या काळात यांतले २-३ आढळले तर विकार सौम्य, ४-५ असतील तर मध्यम, ६ किंवा जास्त असतील तर तीव्र. सौम्य असल्यास एफ११.१०, मध्यम किंवा तीव्र असल्यास एफ११.२०. नोंदीत नुसते 'ओयूडी' लिहून तीव्रता सोडली असेल तर कोडर तिथेच अडतो, आणि हे रोजचे आहे.

एकाच चार्टमध्ये यूज आणि ॲब्यूज दोन्ही असतील तर ॲब्यूजचा कोड घ्यायचा. डिपेंडन्सचाही उल्लेख असेल तर फक्त डिपेंडन्सचा. एफ११.९ हा 'काहीच नीट कळत नाही' अशा वेळी सरसकट वापरायचा कोड नव्हे. वापराचा एखाद्या मानसिक वा शारीरिक विकाराशी संबंध आहे असे डॉक्टरने लिहिले असेल तरच तो चालतो.

वेदनेचा रुग्ण

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. समजा नोंद अशी आहे: 'दीर्घकालीन कंबरदुखी. ऑक्सिकोडोन १० मि.ग्रॅ. दिवसातून ३ वेळा, २ वर्षांपासून. पीडीएमपी (नियंत्रित औषधांच्या प्रिस्क्रिप्शनची राज्याची नोंदवही) तपासले, यूडीएस (लघवीतील औषधांची तपासणी) अपेक्षेप्रमाणे. ओपिऑइड डिपेंडंट.' शेवटचे दोन शब्द बघून हात आपोआप एफ११.२० कडे जातो. पण डॉक्टरला बहुधा एवढेच म्हणायचे असते की शरीराला औषधाची सवय झाली आहे, अचानक बंद केले तर त्रास होईल. योग्य वैद्यकीय देखरेखीखाली औषध घेणाऱ्याच्या बाबतीत सहनशक्ती वाढणे (तोच परिणाम व्हायला जास्त मात्रा लागणे) आणि विथड्रॉअल (औषध थांबवल्यावर होणारा त्रास) हे दोन निकष डीएसएम-५ मोजतच नाही. अशा वेळी आधी क्वेरी, म्हणजे डॉक्टरला लेखी प्रश्न, पाठवा. वापराचा विकार नाही असे उत्तर आले तर कंबरदुखीचा कोड आणि सोबत झेड७९.८९१, म्हणजे ओपिऑइड वेदनाशामकाचा दीर्घकालीन चालू वापर. औषधाची पातळी तपासायलाच रुग्ण आला असेल तर झेड५१.८१ सुद्धा. चुकून लागलेला एफ११.२० रुग्णाच्या नोंदींत पुढे वर्षानुवर्षे फिरत राहतो, त्यामुळे ही एक क्वेरी आळस करून टाळू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मेथाडोन या ओपिऑइडचे मात्र नीट बघा. वेदनेसाठी चालू असेल तर झेड७९.८९१, हेरॉइनच्या व्यसनावरील उपचार म्हणून असेल तर एफ११.२. हे दोन कोड त्या कारणासाठी एकत्र येत नाहीत.

चार्टमध्ये काय लिहिलेले हवे

औषधाचे नाव, ते कसे आणि किती घेतले जाते, कोणते निकष जुळले, तीव्रता आणि आजची अवस्था. विथड्रॉअल असेल तर तसा स्पष्ट उल्लेख हवा. सोबत सीओडब्ल्यूएस, म्हणजे विथड्रॉअलची तीव्रता मोजणारे, गुणांकन असेल तर उत्तम, पण नुसत्या गुणांवरून कोडरने विथड्रॉअल गृहीत धरू नये. डिपेंडन्ससोबत विथड्रॉअल असेल तर एफ११.२३. ॲब्यूजसोबत असेल तर एफ११.१३, हा कोड ऑक्टोबर २०२० पासून आहे.

रेमिशनचेही (विकाराचे निकष आता न जुळण्याचे) तसेच. ३ महिने ते १२ महिन्यांच्या आत असेल तर अर्ली, १२ महिने किंवा जास्त असेल तर सस्टेन्ड. रुग्ण ब्युप्रेनॉर्फिनवर (व्यसनावरील उपचाराचे औषध) असला तरी रेमिशन लिहिता येते आणि निदान डिपेंडन्सचे असेल तर मग एफ११.२१ लागतो. पण रेमिशन हा शब्द डॉक्टरचाच हवा. 'वर्षभर क्लीन' यावरून तो आपण काढायचा नाही.

ओव्हरडोस असेल तर टी४० गटातला विषबाधेचा कोड आधी आणि डिपेंडन्स नोंदलेला असेल तर तो नंतर. फेंटानिल या ओपिऑइडमुळे अपघाती विषबाधा, पहिली भेट: टी४०.४११ए. हेतू लिहिलाच नसेल तर अपघाती धरतात; हेतू ठरवता येत नाही असे डॉक्टरने नोंदवले तरच 'अनिश्चित'. औषध सांगितल्याप्रमाणे घेऊन बद्धकोष्ठता झाली असेल तर क्रम उलटा: आधी के५९.०३ (औषधामुळे बद्धकोष्ठता), मग टी४०.२एक्स५ए (औषधाचा दुष्परिणाम).

क्वेरी आणि गोपनीयता

क्वेरीत चार्टमधले पुरावे मांडावेत, पर्याय द्यावेत, 'इतर' आणि 'सांगता येत नाही' हेही ठेवावेत. 'हा ओयूडी आहे ना?' असे विचारणे म्हणजे उत्तर तोंडात घालणे. कोणत्या कोडने किती पैसे मिळतील याचा उल्लेख क्वेरीत चालत नाही.

संघीय मदत मिळणाऱ्या व्यसनोपचार केंद्रांच्या नोंदींना ४२ सीएफआर भाग २ हा गोपनीयतेचा संघीय नियम लागू होतो. २०२४ च्या सुधारणेनंतर उपचार, बिलिंग आणि कामकाजासाठी रुग्णाची एकच संमती पुढच्या सगळ्या वापराला पुरते. तरीही रुग्णाविरुद्धच्या खटल्यात या नोंदी त्याच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय वापरता येत नाहीत.

कोडसंच दरवर्षी १ ऑक्टोबरला बदलतो, काही बदल १ एप्रिललाही येतात. बाह्यरुग्णासाठी भेटीची तारीख आणि दाखल रुग्णासाठी डिस्चार्जची तारीख बघून त्या काळात लागू असलेलाच संच उघडावा.