रिपोर्टातला टी-२ स्टार आला कुठून?

ठाणे, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यात थॅलेसेमिया हा आनुवंशिक रक्तविकार म्हणजे काय हे फारसं समजावून सांगावं लागत नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले, १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आणि बीटा थॅलेसेमियाचे वाहक सिंधी समाजात तुलनेनं जास्त आढळतात. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचं तीव्र रूप, असलेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. एका पिशवीबरोबर साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमहून जास्त लोह बाहेर टाकू शकत नाही. उरलेलं यकृतात, अंतःस्रावी ग्रंथींत आणि कालांतरानं हृदयाच्या स्नायूत साठत जातं.

अशा मुलांच्या फायलीत फेरिटिनच्या, म्हणजे साठलेल्या लोहाचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीच्या, कागदांच्या जोडीला आता एमआरआयचा रिपोर्टही दिसतो. त्यात एक ओळ असते: हृदयाचा टी-२ स्टार, अमुक मिलिसेकंद. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) मशीनवर आकडा २० च्या वर असेल तर हृदय सध्या सुरक्षित. १० च्या खाली गेला तर लोह काढणाऱ्या औषधांचा फेरविचार त्याच दिवशी होतो. पालकांनाही ही हद्द पाठ असते. पण मोजायचं आहे लोह, आणि रिपोर्टात लिहिलाय वेळ. ही अदलाबदल कशी झाली, त्याला पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे.

१९४६ मध्ये स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डला एडवर्ड पर्सेल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे द्रव-घन पदार्थांतल्या अणुकेंद्रांचा चुंबकीय अनुनाद, म्हणजे एनएमआर, पकडला. १९५२ चं नोबेल दोघांत विभागलं गेलं. ब्लॉख यांच्या समीकरणांत दोन कालावधी होते. रेडिओलहरीनं ढळलेले प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची अणुकेंद्रं, चुंबकाच्या दिशेला परत यायला लागणारा वेळ म्हणजे टी-१. एका तालात फिरणारे प्रोटॉन आपापसांत बेताल व्हायला लागणारा वेळ म्हणजे टी-२. शुद्ध पाण्यात हे दोन्ही वेळ काही सेकंदांचे. तेवढं थांबायला नको म्हणून ब्लॉख यांच्या गटानं सुरुवातीच्याच प्रयोगांत पाण्यात फेरिक नायट्रेट मिसळलं. फेरिक म्हणजे लोहच. लोह असलं की रिलॅक्सेशन, म्हणजे प्रोटॉनांचं हे परत येणं आणि बेताल होणं, झपाट्यानं होतं, हे या विद्येला जन्मापासून ठाऊक होतं. ते रुग्णाच्या कामी यायला मात्र पन्नासहून अधिक वर्षं लागली.

१९४८ मध्ये ब्लूमबर्गन, पर्सेल आणि पाउंड यांनी या वेळांमागचं कारण मांडलं. रेणू किती चपळ हलतात त्यावर टी-१ आणि टी-२ ठरतात. मोकळं पाणी चपळ, ग्लिसरीन सुस्त, प्रथिनांना चिकटलेलं पाणी त्याहून जखडलेलं. ऊतीच्या घटकांबद्दल पुढे जे काही वाचलं गेलं, त्याचं मूळ या निबंधात आहे.

१९५० मध्ये अर्विन हान यांना स्पिन एको, म्हणजे प्रोटॉनांच्या संकेताचा प्रतिध्वनी, सापडला. कोणताही चुंबक सगळीकडे अगदी सारखा नसतो, त्यामुळे प्रोटॉन लवकर बेताल होतात. हान यांच्या दुसऱ्या पल्सनं, म्हणजे रेडिओलहरीच्या दुसऱ्या झटक्यानं, चुंबकातल्या उणिवेतून आलेली ही गडबड पुसता येते. पुसल्यावर उरतो तो टी-२, न पुसता मोजला तर टी-२ स्टार. कार आणि पर्सेल यांनी १९५४ मध्ये, मग माइबूम आणि गिल यांनी १९५८ मध्ये एकोची अखंड माळ काढायची पद्धत बसवली. तीच आजही सीपीएमजी या नावानं चालते. सगळ्यांचा आटापिटा स्थानिक गडबड पुसण्याचा होता. साठलेल्या लोहाच्या बाबतीत नेमकी ती गडबडच कामाची माहिती निघाली, कारण लोहाचा प्रत्येक कण भोवतालचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतो.

जिवंत ऊतीकडे पहिल्यांदा वळले ते स्टॉकहोमचे एरिक ओडेब्लाड; १९५५ मध्ये त्यांनी लिंडस्ट्रॉम यांच्यासोबत जैविक नमुन्यांचे संकेत नोंदवले. गाजावाजा झाला तो १९७१ मध्ये. रेमंड डॅमॅडियन यांनी 'सायन्स'मध्ये उंदरांच्या गाठींची मापं छापली: निरोगी यकृताचा टी-१ सुमारे ०.२९ सेकंद, गाठींचा ०.७ ते ०.८ सेकंद. फरक दुपटीहून जास्त. मशीनमधून माणूस सरकवायचा आणि कॅन्सर आहे की नाही ते वाचायचं, असं स्वप्न त्यातून उभं राहिलं.

ते टिकलं नाही, आणि का टिकलं नाही हे या इतिहासातलं सर्वांत शिकण्यासारखं प्रकरण आहे. टी-१ वाढतो तो मुख्यतः ऊतीत मोकळं पाणी वाढल्यामुळे. पाणी गाठीत वाढतं, तसं सुजेत वाढतं, जंतुसंसर्गातही वाढतं. निरोगी यकृत आणि गाठ यांच्यात दरी दिसते, पण निरोगी मेंदू किंवा स्नायू आणि गाठ यांच्यात ती बरीच अरुंद होते. एका आकड्याला विचारलेला प्रश्न फारच मोठा होता. खारघरच्या ॲक्ट्रेकपासून कोणत्याही कॅन्सर केंद्रापर्यंत बहुतेक गाठींचं पक्कं निदान आजही बायोप्सीच्या काचपट्टीवरच होतं. मात्र ऊतींचे वेळ वेगवेगळे असतात, हे डॅमॅडियन यांनी ठसवलं. चित्र काढायची युक्ती १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी दिली, आणि एमआरआयच्या काळ्या-पांढऱ्या छटा या वेळांच्या फरकातूनच उमटू लागल्या. २००३ चं नोबेल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळालं. वगळल्या गेलेल्या डॅमॅडियन यांच्या बाजूनं वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या. त्या वादात शिरायचं इथे कारण नाही.

दरम्यान काही मंडळी चित्राच्या मागे न लागता ओसरत्या संकेताचा वक्रच न्याहाळत होती. १९७२ मध्ये बेल्टन, जॅक्सन आणि पॅकर यांना बेडकाच्या स्नायूतलं पाणी तीन वेगवेगळ्या वेगांनी शिथिल होताना दिसलं. म्हणजे एकाच नमुन्यात तीन परिस्थितींतलं पाणी. वक्र फोडून प्रत्येकाचा वाटा काढला की ऊतीची रचना हाती लागेल, अशी आशा त्यातून निर्माण झाली.

अडचण गणितात होती आणि ती आधीच सांगून झाली होती. कॉर्नेलियस लान्झोस यांनी १९५६ मध्ये एक उदाहरण दिलं. एका वक्रात तीन घटक: ०.०९५१ वाट्याचा १ वेगानं ओसरणारा, ०.८६०७ चा ३ वेगानं, १.५५७६ चा ५ वेगानं. दुसऱ्यात दोनच: २.२०२ चा ४.४५ वेगानं आणि ०.३०५ चा १.५८ वेगानं. आता कॅल्क्युलेटर घ्या. शून्य वेळेला दोन्हींची बेरीज २.५१. अर्ध्या एककाला दोन्ही ०.३८. एका एककाला दोन्ही ०.०९. दोन दशांश स्थळांपर्यंतच्या मोजमापातून घटक तीन की दोन हे ठरवताच येत नाही. वेग आणि वाटे तर पार वेगळे निघतात. एमआरआयच्या संकेतात गोंगाट याहून जास्तच असतो.

मार्ग निघाला तो पूर्वअटी घालून. वाटा उणे असू शकत नाही, ही पहिली अट. लॉसन आणि हॅन्सन यांनी १९७४ मध्ये तिचं गणित चोख करून दिलं. उत्तर अकारण खडबडीत नसावं, ही दुसरी. प्रोव्हेंचर यांचा १९८२ चा 'कॉन्टिन' हा प्रोग्रॅम त्यावर उभा आहे. व्हॅंकूव्हरच्या व्हिटॉल आणि मॅके यांनी १९८९ मध्ये हे गणित रिलॅक्सेशनला नीट लावलं, आणि १९९४ मध्ये मॅके यांच्या गटानं जिवंत माणसाच्या मेंदूत ३२ एकोंच्या मापनातून मायलिनच्या, म्हणजे मज्जातंतूंवरच्या आवरणाच्या, थरांत अडकलेलं पाणी वेगळं दाखवलं: त्याचा टी-२ १० ते ५० मिलिसेकंदांत, बाकीच्या पेशींतल्या पाण्याचा ७०-८० च्या आसपास. कोणत्या टी-२ चा किती वाटा हे दाखवणाऱ्या या आलेखांवरच्या शिखराची रुंदी बरीचशी गुळगुळीत करण्याच्या अटीतून येते, ऊतीतून नव्हे. हे विसरणारे निबंध आजही छापले जातात.

हेच गणित तेलविहिरीतही चालतं. खडकाच्या छिद्रातलं अडकलेलं पाणी आणि वाहू शकणारा द्रव वेगळे करायला वालुकाश्मात ३३ आणि चुनखडकात ९२ मिलिसेकंद ही हद्द रूढ आहे. मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडकातला, तेव्हा पनवेलला ओएनजीसीत काम करणाऱ्या एखाद्याला हा दुसरा आकडा ओळखीचा वाटायला हरकत नाही.

लोहाचा प्रश्न सुटला कारण तो नेमका विचारला गेला. वक्रात किती घटक आहेत हे शोधायचंच नव्हतं. ओसरण्याचा एकच वेग मोजायचा होता, आणि तो लोहाच्या प्रमाणात वाढतो. २००१ मध्ये लंडनमधल्या अँडरसन, पेनेल आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या टी-२ स्टारची २० मिलिसेकंदांची हद्द मांडली. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सेंट पिएर यांच्या गटानं यकृतातलं लोह बायोप्सीशी ताडून दाखवलं. सुईची गरज त्यानंतर घटत गेली. ३ टेस्लाच्या मशीनवर मात्र लोहाचा परिणाम जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे २० ची हद्द तिथे जशीच्या तशी लावता येत नाही. सेंटर बदललं तर मशीन किती टेस्लाचं आहे ते विचारून घ्यावं.

चरबी मोजण्याची वाट वेगळी, आणि तिच्यात मुंबईचा धागा आहे. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथाइल अल्कोहोलमधल्या हायड्रोजनच्या तीन वेगळ्या रेषा दाखवल्या. रासायनिक शेजार बदलला की प्रोटॉनची वारंवारता बदलते. एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईत टीआयएफआर या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरचा गट उभा केला. वारंवारतेच्या याच फरकावर थॉमस डिक्सन यांनी १९८४ मध्ये पाणी आणि चरबीची चित्रं वेगळी काढली. १.५ टेस्लाला दोघांत सुमारे २२० हर्ट्झचं अंतर असतं. फॅटी लिव्हरच्या रिपोर्टातलं फॅट फ्रॅक्शन, म्हणजे चरबीचा वाटा, तिथून आलं. पाच टक्क्यांच्या वर गेलं की यकृतात चरबी साठली, असं ढोबळमानानं धरतात.

यकृतात लोह असेल तर संकेत इतका लवकर ओसरतो की चरबीचा हिशेब चुकतो. म्हणून आजची सॉफ्टवेअर चरबीच्या अनेक रेषा आणि टी-२ स्टार एकाच वेळी वक्रावर बसवतात, आणि यकृतात पाणी असतं, चरबी असते, लोह असू शकतं, हे आधीच गृहीत धरून चालतात. कित्येक रिपोर्टांत फॅट फ्रॅक्शनच्या शेजारी टी-२ स्टारचा आकडा छापलेला असतो, तो यामुळेच. डॉक्टरांनी लोहाची तपासणी मागितलेली नसली तरीही.