भूतपट, जुने : कोकणातील आकर्षण

साधारणपणे १९४९ ते १९९० या काळातले, अतिमानुष शक्तीचे भय हाच गाभा असलेले हिंदी-मराठी चित्रपट म्हणजे जुने भूतपट. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीत त्यांना मिळालेला प्रेक्षक थिएटरातला कमी आणि खळ्यातला, म्हणजे घरापुढच्या अंगणातला, जास्त.

हिंदीत या प्रकाराची सुरुवात सहसा कमाल अमरोहींच्या ‘महल’पासून (१९४९) धरतात. जर्मन छायालेखक योझेफ विर्शिंग यांनी त्यात पडद्याचा मोठा भाग काळोखातच ठेवला आणि नायिकेचे गाणे कुठून तरी दुरून येत असल्यासारखे ऐकवले. ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘वो कौन थी?’ (१९६४) याच वळणाचे. या तिन्हींत भूत अखेर माणूसच निघते. ‘दो गज जमीन के नीचे’पासून (१९७२) भयपटांकडे वळलेल्या रामसे बंधूंनी पुढे हा सभ्यपणा सोडला; त्यांचा सैतान खराच असे, रबरी मुखवट्यासकट.

रामसेंच्या ‘पुराना मंदिर’चे (१९८४) चित्रण कोकणातच, मुरूडला जंजिऱ्याच्या नवाबाच्या राजवाड्यात झाले. टेकडीवरची ती वास्तू, टोकदार कमानी, खाली समुद्र. पडद्यावर ती कुठल्याशा अनाम संस्थानातली हवेली असते. अलिबाग-मुरूडच्या प्रेक्षकाला मात्र ती एसटीच्या वाटेवरची.

आकर्षणाचे खरे कारण भुताच्या स्वभावात आहे. कोकणातल्या भुताला पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, देवचार आपल्या हद्दीपुरता. गावरहाटीत, म्हणजे गावाच्या देवधर्माच्या रीतीत, देवचार किंवा राखणदार हा शत्रू नव्हे, मानकरीच. त्याचा नारळ ठरलेला, गाऱ्हाणे (त्याच्यापुढे म्हणायची विनवणी) ठरलेले, आणि मान चुकला की तो आठवण करून देतो. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला, या ग्रामदैवताला, भाविक चामड्याच्या वहाणा आणि केळीचे घड वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि त्यात वहाणा झिजतात, अशी श्रद्धा.

जुन्या भूतपटाचा कायदा याच्याशी जुळतो. वाडा ठरलेला, वेळ ठरलेली, भूत होण्यामागे घात, शाप किंवा राहून गेलेली इच्छा. तळघराचे दार उघडू नका, असे बजावणारा कंदीलवाला म्हातारा नोकर जवळजवळ प्रत्येक चित्रपटात असतो. शहरातून आलेली मंडळी त्याला हसतात आणि कुलूप तोडतात. कोकणी प्रेक्षकाला हे दृश्य सैतानापेक्षा जास्त लागते, कारण गावाची रीत न पाळणारा चाकरमानी त्याच्या ओळखीचा असतो. रामसेंचा शेवट मात्र त्याला परका: त्रिशूळ, आग, सैतानाची राख. गावात भुताला सहसा संपवत नाहीत. देवाचा कौल लावतात, काय हवे-नको ते विचारतात, जागेवर बसवतात.

ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आला आणि पाहण्याची तऱ्हा बदलली. गणपतीत किंवा शिमग्याला वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणत. रात्रभरात तीन-चार पिक्चर. एक देवाचा, एक मारामारीचा, आणि भूतपट मुद्दाम मध्यरात्रीनंतरचा. टीव्ही ओटीवर, पुरुष खळ्यात, बायका माजघराच्या दाराशी, पोरे अगदी पुढे. कॅसेट इतक्या ठिकाणी फिरलेली असे की सैतानाच्या तोंडावरून पांढऱ्या रेघा धावत. नेमकी लाइट जाई आणि मग कोणीतरी व्हाळावरच्या (ओढ्यावरच्या) तिठ्याची, म्हणजे तीन वाटा मिळतात त्या जागेची, गोष्ट काढी. ती पिक्चरपेक्षा सरस ठरे, हे मान्य करायला हवे. परसाकडे एकट्याने जायला कोणी तयार नसे. घरी परतताना एकाच चुडीच्या (पेटत्या झावळीच्या) उजेडात आठ-दहा जण. रात्र जागवण्याची ही सवय दशावतारातली. तिथेही राक्षसाचा प्रवेश रात्र बरीच चढल्यावरच रंगतो, आणि त्याच्या आरोळीने दचकलेले पोर पुढच्या क्षणी हसत असते.

मराठीत निखळ भयपट थोडेच. वसंत जोगळेकरांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ची (१९७६) कथा सांगता न येणारेही ‘गोमू संगतीनं’ पूर्ण म्हणतात. पुढे ‘झपाटलेला’ने (१९९३) भीतीला विनोदाची जोड दिली आणि बराच काळ मराठी पडद्यावर भूत म्हटले की हसणेच आले. जुन्या भूतपटाचा संथपणा परतला तो दूरचित्रवाणीवर. ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) ही मालिका सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या वाड्यात चित्रित झाली. कोकण म्हणजे भुताटकी, अशी प्रतिमा होते म्हणून सिंधुदुर्गातून तिला विरोध झाला. आकेरीचा वाडा पाहायला पर्यटक येऊ लागले, तेही याच मालिकेमुळे.