दूषित औद्योगिक जमिनीची सार्वजनिक निधीतून तपासणी

बंद पडलेली गिरणी, कारखाना, रंगकामाचा विभाग, तेलाचा डेपो किंवा पेट्रोलपंप यांची जागा पुन्हा वापरात आणण्याआधी तिथल्या मातीत व भूजलात घातक द्रव्ये उरली आहेत का, हे सरकारी पैशातून तपासण्याची व्यवस्था. अशा जागांना ‘ब्राउनफील्ड’ म्हणतात.

हा खर्च सरकारवर येण्याचे कारण सरळ आहे. मालकाला तपासणी नको असते, कारण दोष निघाला तर जमिनीचा भाव पडतो आणि सफाई गळ्यात येते. घेणारा जागा ताब्यात येण्याआधी पैसे घालायला तयार नसतो. कंपनी अवसायनात गेली असेल, तर विचारायला कुणी उरतच नाही. मग जागा वर्षानुवर्षे पडून राहते. किंवा, याहून वाईट, न तपासताच तिच्यावर घरे उभी राहतात.

तपासणीचा पहिला टप्पा कागदाचा आणि माणसांचा असतो. नागपूरसारख्या शहरात जमिनीची ओळख आखीव पत्रिकेवरून (प्रॉपर्टी कार्डावरून) आणि जुन्या भागात नझूलच्या, म्हणजे शहरातील सरकारी जमिनीच्या, नोंदींवरून पटते. त्यांत धारक कळतो, क्षेत्र कळते. रंगाचे हौद कुठे होते, ट्रान्सफॉर्मरचे तेल कुठे सांडत असे, राख कुठे टाकली जाई, हे कळत नाही. त्यासाठी जुने नकाशे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतिपत्रे आणि मुख्य म्हणजे निवृत्त कामगार गाठावे लागतात. माहीतगार कामगार हयात असेपर्यंतच हा टप्पा नीट होतो, म्हणून त्याला उशीर परवडत नाही.

दुसऱ्या टप्प्यात बोअर घेऊन वेगवेगळ्या खोलीवरची माती आणि आजूबाजूच्या विहिरींचे पाणी प्रयोगशाळेत जाते. शिसे, क्रोमियम, आर्सेनिक, पारा, खनिज तेले, जुन्या विद्युत उपकरणांतील पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल ही विषारी रसायने) यांचा शोध घेतला जातो. नागपूर दख्खनच्या काळ्या दगडाच्या पूर्व टोकाला वसले आहे. पश्चिमेकडे बेसाल्ट, पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने खडक. काळी माती धातूंना धरून ठेवते, पण उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी त्यांतून थेट खाली उतरते. बेसाल्टमध्ये ते सांध्यांतून वाट काढत दूर जाऊ शकते. त्यामुळे पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा नमुने घेणे इथे आवश्यक ठरते. निष्कर्षही पुढच्या वापरावर ठरतो: गोदामाला चालणारी जमीन शाळेच्या मैदानाला चालेलच असे नाही.

या कामासाठी स्वतंत्र अनुदान देण्याची पद्धत अमेरिकेत रुजली. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९५ मध्ये ब्राउनफील्ड कार्यक्रम सुरू केला आणि २००२ च्या कायद्याने त्याला आधार मिळाला. नगरपालिका, परगणे, आदिवासी शासने यांना केवळ तपासणीसाठी अनुदान मिळते. सफाईचे अनुदान वेगळे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने या कार्यक्रमासाठी १.५ अब्ज डॉलर ठेवले.

भारतात पैसा आधी प्रकल्पांच्या वाटेने आला. कोळशावरील उपकरातून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीतून कानपूर देहातमधील रनिया, तमिळनाडूतील रानीपेट अशा क्रोमियमग्रस्त जागांचे अहवाल तयार झाले. दूषित जागांसाठीचे स्वतंत्र नियम जुलै २०२५ मध्ये आले. त्यांनुसार स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची असते. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करते, मग सविस्तर सर्वेक्षण होते. खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करायचा. तो सापडत नसेल किंवा ऐपत नसेल, तर केंद्र व राज्याने उचलायचा. खाणकाम आणि घनकचऱ्याचे डेपो यांना वेगळे कायदे लागू असल्याने नागपूर परिसरातील मनसरच्या मँगनीज खाणी किंवा भांडेवाडीचा कचरा डेपो एरवी या नियमांत बसत नाहीत.

नागपुरात या कामाचे ज्ञान घरचेच आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) भोपाळच्या युनियन कार्बाइड आवारातील माती-पाण्याचा अभ्यास केला आणि २०१० च्या अहवालात सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज दिला. जानेवारी २०२५ मध्ये तिथून पीथमपूरला हलवला तो ३३७ टन साठवलेला कचरा होता (त्यात काही दूषित मातीही होती), आवारातली ही ११ लाख टन माती नव्हे. दुसरीकडे, १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल आहे. महाराष्ट्रात गिरण्यांच्या जमिनींवर मोठी लढाई झाली ती कामगारांच्या देण्यांची, घरांची आणि मोकळ्या जागेच्या वाट्याची. ती रास्तच होती. पण त्याच जमिनीच्या पोटात काय आहे, हा प्रश्न कामगारांच्या आरोग्याचाही होता आणि तो मागे राहिला. हिंगणा, बुटीबोरी या नागपूरजवळच्या औद्योगिक वसाहतींतले जुने भूखंड यापुढे हस्तांतरित होतील तेव्हा संशयित जागेची पहिली नोंद महापालिकेने, नगरपरिषदेने किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाने करायची आहे. तिच्याशिवाय मंडळाच्या ९० दिवसांची मोजणी सुरूच होत नाही.